पट्ट्याचं दुसरं टोक

“पट्टा मी धरतो,” एवढंच मी म्हणालो होतो. या एवढ्याशा वाक्यापायी माझा एकुलता एक चांगला कोट गेला, अब्रू गेली (होती तेवढी), आणि ज्या कुत्र्याला मी सहा वर्षं गादीचाच एक भाग समजत होतो त्याचं खरं रूप मला बघावं लागलं. त्या धक्क्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही.

पण सुरुवातीपासून सांगतो. आमची ही दर रविवारी गावाबाहेरच्या एका आश्रयघरात जाते. रस्त्यावरून, वाईट मालकांकडून सोडवून आणलेली कुत्री तिथे पिंजऱ्यात असतात. ही त्यांचे केस विंचरते. माझी समजूत अशी, की हा एक निरुपद्रवी छंद आहे. कुणी लोकर विणतं, कुणी कुत्री विंचरतं. पण एका संध्याकाळी ही घरी आली ती थेट माझ्यासमोर उभीच राहिली. हातातली पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. मी मनातल्या मनात अलीकडचे सगळे अपराध आठवून पाहिले.

“अहो, तिथलं छप्पर गळतंय. दुरुस्ती होईपर्यंत सगळी कुत्री लोकांच्या घरी ठेवायचीत. ठकी आपल्याकडे.”

“ठकी म्हणजे?”

“काळी. उंच. एक कान मोडलेला. बिचारीला दोन घरांनी परत पाठवलंय हो. दोन्ही ठिकाणी घरातल्या कुत्र्याशी जमलं नाही. आपल्या साहेबाशी आधी भेट घालून बघणार आहेत. तिथेही बिनसलं, तर तिला पुन्हा कुणाच्या घरी देणार नाहीत. जन्मभर पिंजरा.”

‘पिंजरा’ म्हणताना हिचा आवाज फाटला. मी हादरलो. हिचा आवाज चढतो, घुमतो, भिंतीपलीकडे जातो. फाटताना मी तो कधीच ऐकला नव्हता. मी लगेच होकार दिला.

साहेब म्हणजे आमचा कुत्रा. रंगानं खाकी, पोटानं गोल. दिवसभर एका जागी बसतो, कुणी काही विचारलं तर डोळे मिटतो, आणि जेवणाची वेळ मात्र चुकवत नाही. म्हणून साहेब. (आमच्या ऑफिसातल्या साहेबांना हे कळलेलं नाही. त्यांना वाटतं, ऑफिसातून घरी फोन करतानाही मी त्यांच्याबद्दलच आदरानं बोलतो.)

मग आश्रयघरातल्या प्रशिक्षक बाई घर बघायला आल्या. बाई किरकोळ अंगाच्या, पण नजर अशी, की साहेब उठून बसला. मीही बसलो.

“दोघांची पहिली भेट घरात घालायची नाही,” बाई म्हणाल्या. “घर साहेबाचं आहे, तो राखायला बघणार. दोघांनाही अनोळखी अशा जागी भेटायचं. समोरासमोर आणायचं नाही. मधे अंतर ठेवून एकाच दिशेनं चालवायचं, आणि हळूहळू जवळ यायचं. खाणं नाही, खेळणं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पट्टा सैल. तुमच्या हातातली भीती पट्ट्यातून थेट कुत्र्याच्या मानेत उतरते. ठकी यांच्या ओळखीची आहे, तिला या धरतील. साहेबाला कोण धरणार?”

आणि मी ते वाक्य म्हणालो.

आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मला नीट बघून घेतलं.

“तुम्ही? अहो जावईबापू, परवा झुरळ निघालं तेव्हा तुम्ही स्टुलावर होता.”

“आई, झुरळ उडतं. कुत्रं उडत नाही.”

“तुम्हाला कुत्र्यांची भीती नाही ना?” बाईंनी विचारलं.

“भीती? मला?” मी हसलो. मग तरुणपणी एका लांडग्याएवढ्या कुत्र्याला मी नुसत्या नजरेनं कसं मागे फिरवलं होतं, ते सविस्तर सांगितलं. (तपशील सगळे खरे होते. फक्त मधे एक लोखंडी फाटक होतं आणि कुत्रं झोपलेलं होतं, एवढं सांगायचं राहिलं.)

जाताना बाईंनी ठकीची एक जुनी चादर ठेवली. साहेबाला तिच्या वासाची आधीपासून सवय व्हावी म्हणून. साहेबानं चादर हुंगली, तिच्यावर बसला आणि झोपला. एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण आमच्या घरात कुठलीही गोष्ट रंगीत तालमीशिवाय होत नाही.

“एकदा चालवून बघू,” ही म्हणाली. “कुणीतरी ठकी व्हायला हवं.”

“माझे गुडघे बघ,” सासूबाई म्हणाल्या. दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

तर फ्लॅटबाहेरच्या लांबलचक पॅसेजमध्ये, पाठीवर काळ्या कुत्रीची चादर बांधून, मी हातापायांवर चाललो. पलीकडून ही साहेबाला घेऊन समांतर चालत होती. “मान खाली ठेवा. त्याच्या डोळ्यांत बघू नका. ठकी अशी धापा टाकत नाही हो!” अशा सूचना येत होत्या. आणि नेमकं समोरचं दार उघडलं. समोर दाताच्या डॉक्टरीणबाई राहतात. गेल्याच महिन्यात त्यांनी माझी दाढ काढलीय.

“काही हरवलंय का?” त्यांनी विचारलं.

“नाही हो,” ही सहज म्हणाली. “यांची दुसऱ्या कुत्र्याशी ओळख करून देतेय.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे, मग साहेबाकडे पाहिलं, “सावकाश करा,” म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. आतून कडीही घातली. साहेबानं मला हुंगून जांभई दिली. तो मला घाबरत नाही हे सिद्ध झालं. (ते आधीही गुपित नव्हतं.)

भेटीच्या दिवशी सकाळी आरशासमोर मी कोट चढवत होतो, आणि डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: ठकी पिंजऱ्यात परत चाललीय आणि ही दारात उभी आहे, फाटलेल्या आवाजानं. मग मला एक युक्ती सुचली. मला युक्ती सुचते तेव्हा घरच्यांनी मला खोलीत कोंडायला हवं, पण ते ऐन वेळी दुसऱ्या कामात असतात. खाणं न्यायचं नाही, हा नियम सामान्य माणसांसाठी असणार, असं मी ठरवलं. प्रसंग ओढवलाच तर हाताशी काही असावं. मी फ्रिजमधून उकडलेल्या कोंबडीचे तुकडे घेतले आणि कोटाच्या दोन्ही खिशांत भरले. दोन्ही खिशांत का? तर कोट एका बाजूला कलतो, बरं दिसत नाही. म्हणजे नेटकेपणापायी. हे लक्षात ठेवा. त्या दिवशी माझ्या हातून झालेलं एकमेव शहाणपणाचं काम ते होतं, आणि तेही चुकून.

भेट एका बंद गोदामामागच्या रस्त्यावर होती. एका बाजूला उंच भिंत, दुसऱ्या बाजूला कोरडं गटार, माणूस नाही की गाडी नाही. मी साहेबाला घेऊन उभा राहिलो. लांबून ही ठकीला घेऊन आली.

माझ्या कल्पनेत एखादी नीट विंचरलेली, नाजूक कुत्री होती. ठकी तर शिंगरू होती! काळीभोर, माझ्या कमरेएवढी, आणि एक कान असा मोडलेला, जणू तो मोडणाऱ्याचं पुढे काय झालं ते विचारू नये. माझ्या हातानं पट्ट्याचा एक वेढा घेतला. मी सांगितलं नव्हतं. हातानंच घेतला.

“चला,” दोघांच्या मधे उभ्या राहून बाई म्हणाल्या. “सावकाश. छान. पट्टा सैल ठेवा.”

आम्ही चालायला लागलो. ठकी तिकडून, आम्ही इकडून. ठकीनं मान वळवून एकदा आमच्याकडे पाहिलं. माझ्या हातानं आणखी एक वेढा घेतला.

आणि साहेब गुरगुरला.

मी तुम्हाला कसं सांगू! सहा वर्षांत या प्राण्याच्या तोंडून घोरण्याशिवाय आवाज आला नव्हता. घरात चोर आला असता तर यानं त्याला सोफ्यावर जागा करून दिली असती. तो साहेब, पाठीवरचे केस उभे करून, दात दाखवून, ट्रक चढण चढताना करतो तसा आवाज काढत होता. त्याला एवढे दात आहेत हेच मला माहीत नव्हतं. तिकडे ठकी जागच्या जागी थिजली. शेपूट आत गेली.

“पट्टा सैल!” बाई ओरडल्या.

“सैलच आहे!” मी ओरडलो. (तोपर्यंत साहेबाचे पुढचे दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले होते.)

“अहो, त्याचा गळा आवळतोय!” ही ओरडली.

“तो मला आवळतोय!”

बाईंनी हात वर केला. “थांबा. नाही जमत. ठकीला मागे घ्या.” मग हिच्याजवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, “वाईट वाटतंय, पण हे तिसरं घर. गाडीत बसवू या तिला.”

ही गुडघ्यावर बसली आणि ठकीच्या मोडक्या कानावरून हात फिरवत राहिली. ठकी तिच्या काखेत तोंड खुपसून उभी. एवढं मोठं जनावर, पण त्या क्षणी मांजरीएवढं दिसलं. बाईंना सांगावं की चूक कुत्र्यांची नाही, म्हणून मी एक पाऊल पुढे टाकलं. पण पट्टा माझ्या मनगटाला, कोपराला आणि तोपर्यंत गुडघ्यालाही गुंडाळलेला. पाऊल पुढे गेलंच नाही, मी गेलो. आधी रस्त्यावर, मग गटारात. पडताना पट्ट्याचे वेढे सुटले आणि साहेब मोकळा झाला.

“कुत्रं सुटलं!” बाईंची किंकाळी मी गटाराच्या तळाशी ऐकली. हिला उठायला वेळच मिळाला नाही. ठकीनं हिसडा दिला, आणि तिचाही पट्टा सुटला. मी डोळे गच्च मिटले. आता वर रणकंदन होणार, आणि त्यातला जो जिंकेल तो खाली येणार.

वर शांतता.

मी एक डोळा उघडून कडेवरून पाहिलं. दोघं एकमेकांभोवती गोल फिरत होती. सावकाश, हुंगत. साहेबाच्या पाठीवरचे केस बसले होते. मग ठकीनं पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवली आणि मागची बाजू वर करून शेपूट हलवली. ‘खेळतोस का?’ आणि आमचा साहेब, ज्याला मी कधी घाईनं चालतानाही पाहिलं नव्हतं, तो धावला! कान उडवत, जीभ बाहेर काढून, पिल्लासारखा.

“बघा!” बाई थक्क होऊन म्हणाल्या. “कुत्र्यांत काही दोषच नव्हता. दोष पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला होता.”

दुसरं टोक गटारात पडलंय, याची कुणाला आठवण नव्हती. कुणाला म्हणजे माणसांना. दोघं अचानक थांबली. दोन नाकं वर झाली. आणि मला माझी युक्ती आठवली.

“बाई,” मी बारीक आवाजात म्हणालो, “समजा एखाद्याच्या खिशात थोडी कोंबडी असेल—”

“काय?” बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. “अहो, नवी ओळख! आता खाण्यावरून मारामारी होईल! किती खिसे आहेत?”

“दोन.”

“देवाची कृपा,” त्या म्हणाल्या, आणि त्याच वेळी दोघं गटारात उतरली. साहेब उजवीकडे, ठकी डावीकडे. भांडण नाही, घाई नाही, जणू वाटणी आधीच ठरली होती. आधी खिसे गेले, मग अस्तर, मग बाह्या. मी मधे सपाट पडून राहिलो आणि कुणाच्याच डोळ्यांत बघितलं नाही. वरून हिचा आवाज आला. आता तो फाटलेला नव्हता, हसून हसून चिरकला होता.

“बाई, मग ठकी आमच्याकडे?”

“आजच न्या,” बाई म्हणाल्या. “दोघांचं उत्तम जमलंय. अडचण यांची आहे. हे दचकले की ती दचकणार. यांना काही दिवस जाळीच्या दारामागे वेगळं ठेवा, लांबून वास घेऊ द्या, घाई करू नका. रोज मला कळवत चला.”

तर सध्या मी आतल्या खोलीत असतो. दाराला जाळी आहे. जाळीपलीकडे ठकी आणि साहेब एकमेकांच्या अंगावर पाय टाकून सोफ्यावर झोपतात. सासूबाई येता-जाता माझी चौकशी करतात, पण ती हिच्याकडे करतात: “आज खाल्लं का यांनी?”

काल ही बाईंना फोनवर अहवाल देत होती. “हो, बरीच सुधारणा आहे. पळत नाहीत आता. सकाळी ठकीनं जाळीतून हात चाटला तर नुसते थरथरले, ओरडले नाहीत. बक्षीस? बरं, देते.”

फोन ठेवून ही जाळीपाशी आली, “शाबास!” म्हणाली आणि मला एक बिस्किट दिलं. मी स्वाभिमान बाजूला ठेवून खाल्लं. चव उत्तम होती, जरा खारट. मी आणखी एक मागून घेतलं. पुडक्यावरचं चित्र मला दिसलं ते तिसरं तोंडात असताना.