खटखट कुठून येते

मी जो काही आहे, तो कशेळ्याच्या दामूमास्तरांमुळे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि माझी अक्कल सुटी करून, धुऊनपुसून पुन्हा बसवली ती त्यांनीच.

सुटं करणं हा त्यांचा स्वभावच. सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी पेचकस. "उघडल्याबिगर कळतं काय रं?" म्हणत त्यांनी शाळेचं घड्याळ उघडलं. जोडल्यावर एक चाक उरलं, तरी घड्याळ चालू लागलं. ते चाक कंपनीनेच उगाच घातलं होतं, असं मास्तरांनी जाहीर केलं. माथेरानच्या सहलीत ते एका घोड्यासमोर बराच वेळ उभे होते. हा उघडता येत नाही, याची हळहळ तोंडावर स्पष्ट दिसत होती.

काकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, शिलाई मशीन चालताना खटखट करायची. त्या तालावर काकू गुणगुणत शिवायच्या. एकदा त्या बाजारात गेल्या असताना मास्तरांनी मशीन उघडली. खटखट एका झिजलेल्या चकतीतून येते हे शोधलं आणि नवी चकती बसवली. मशीन बिनआवाज चालू लागली. काकूंनी एक शिवण घातली आणि त्या थांबल्या.

"मला इचारलंत?"

"अगं, बिघाड व्हता."

"तुमाला बिघाडच दिसतो."

आठवड्याच्या आत त्या शिळफाट्याला भावाकडे निघून गेल्या.

शेजारच्या गणूने विचारलं, "मास्तर, जोडताना काकूच उरली काय?" मास्तर हसले नाहीत. त्यांनी काकूंच्या रागाचेही भाग सुटे केले. गळकी कौलं बदलली. धुराची चूल मोडून नवी घातली. शेवटी जुनी चकतीही शोधून परत बसवली. तरी काकू आल्या नाहीत.

दिवाळीत मी गावी गेलो, तेव्हा मास्तर कापडाशिवायच मशीन चालवत बसले होते.

"आवाज तोच हाय ना रं?"

"तोच आहे."

"मग काय ऱ्हायलं?"

मुंबईला परतल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं:

"ती. मास्तरांस सा. न.

काय राहिलं, असं तुम्ही विचारलंत. मी मॅट्रिकला नापास झालो, तेव्हा तुम्ही माझ्या गणितांची पायरी न् पायरी तपासलीत. काकूंनी काही न विचारता गरम भाकरी वाढली. पुढच्या खेपेला पास झालो, तो तपासण्यामुळे की भाकरीमुळे, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही. करायचंही नाही.

शिळफाट्याला जा. राग कशाचा, ते विचारू नका. काकू काम करत असतील तिथे नुसते बसा.

पेचकस घरी ठेवा.

आपला,
बबन"