हंसाच्या पिल्लाची पाठवणी

हंसांना पळवून लावण्यात आमच्या बेटावर माझा हात धरणारा कुणी नाही, हे आधीच सांगून टाकतो. एकतीस वर्षं मी हेच करतोय. नुसता फाटकाशी उभा राहून खाकरलो तरी दोनशे हंस उठून शेजारच्या क्लॅरीच्या रानात जाऊन बसतात. क्लॅरी खाकरला की ते परत माझ्याकडे येतात, हा भाग वेगळा.

आता हंस म्हटल्यावर तुम्ही मोती टिपणारा, दुधातलं पाणी बाजूला काढणारा वगैरे पक्षी डोळ्यांसमोर आणू नका. आमचा रानहंस राखाडी असतो, नाकाशी पोपटी असतो, मादी डुकरासारखी घुरघुरते आणि सगळं खानदान दिवसभर मेंढ्यांचं गवत खातं. म्हणून तर आमची शेतकरी समिती आहे आणि मी तिचा अध्यक्ष आहे. थोडे हंस मारायची परवानगी द्या म्हणून सरकारला चौदा पत्रं गेली, ती सगळी माझ्या सहीची.

असा हा मी ऑगस्टातल्या एका सकाळी मेंढ्यांच्या हौदावर गेलो, तर पाण्यात हंसाचं पिल्लू गोल गोल फिरत होतं. मुठीएवढं, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं. त्याला बाहेर येता येईना आणि आईबापांचा कुठे पत्ता नव्हता. मेलं असतं तर पाणी नासलं असतं, म्हणून मी ते काढलं. केवळ म्हणून. मग ट्रकची सीट भिजू नये म्हणून त्याला स्वेटरच्या आत घातलं.

"हे काय आणलंस?" ग्लेनिसनं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं.

"काही नाही. वाळलं की सोडून येतो."

वाळायला अर्धा तास लागला. पण तेवढ्या अर्ध्या तासात त्या पिल्लानं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि मीच आपली आई आहे असं ठरवून टाकलं. मी चहा करायला उठलो, ते मागे. मी संडासात, ते दाराबाहेर किंचाळतंय. मी "हूं, हूं" असा हुंकार दिला की गप्प बसायचं. चार दिवस मी घरात घुरघुरत फिरत होतो. ग्लेनिसनं त्याचं नाव सेक्रेटरी ठेवलं. "अध्यक्षाच्या मागे मागे दुसरं कोण फिरतं?" ती म्हणाली.

पाचव्या दिवशी मात्र तिनं मला समोर बसवलं.

"लायल, खालच्या रानात एक जोडी आहे. चार पिल्लं आहेत, आपल्या पिल्लाएवढीच. सारख्या आकाराचं असलं तर परकं पिल्लूसुद्धा घेतात ते. अजून दोन-तीन दिवस. मग त्यांची पिल्लं मोठी होतील आणि ते ह्याला परकं म्हणून टोचून मारतील."

"मग राहू दे की इथंच. म्हणजे, तुझी इच्छा असेल तर."

"आणि मोठं झाल्यावर? माणूस दिसला की हे प्रेमानं धावत जाणार. माझ्याकडे, तुझ्याकडे. क्लॅरीकडेसुद्धा."

क्लॅरीच्या फ्रीझरमध्ये काय काय असतं ते मला ठाऊक आहे. मी लगेच उठलो.

योजना साधी होती. पिल्लू त्या जोडीजवळ ठेवायचं आणि पळायचं. मी ठेवलं आणि पळालो. फाटकाशी पोचून मागे पाहिलं तर सेक्रेटरी माझ्या बुटावर बसलेला. तीनदा तेच झालं. एकसष्टाव्या वर्षी मी तेवढा पळालो, ह्याचं कुणाला कौतुक नाही.

तेव्हा मी ठरवलं की आपणच हंस व्हायचं. ग्लेनिसचा राखाडी गाऊन अंगावर चढवला, सेक्रेटरीला पोटाशी धरला आणि गुडघ्यांवर रांगत, घुरघुरत, गवतातून त्या जोडीकडे निघालो. तीस पावलांवर आलो, तरी हंस हलले नाहीत. एवढ्यात रस्त्यावर क्लॅरीचा ट्रक आला.

इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे समोरून येणाऱ्याला बघून स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं असतं आणि समोरच्यानं हात वर करायचा असतो. केला नाही तर भांडण आहे असं धरतात. माझा मेहुणा एकदा नेमका त्याच वेळी शिंकला, तर दोन घरांत तीन वर्षं बोलणं नव्हतं. क्लॅरीनं माझा उभा ट्रक पाहून सवयीनं बोट उचललं. मी गवतात लपलेला होतो, मला कुणी पाहिलेलं नव्हतं, गप्प पडून राहिलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण हात आपोआप वर गेला.

क्लॅरीनं करकचून ब्रेक मारला. त्याला दिसलं ते असं, की लायल बाईच्या गाऊनमध्ये जमिनीवर आडवा आहे आणि एक हात वर करून मदत मागतोय. त्यानं तिथूनच वायरलेसवर सगळ्या बेटाला कळवलं की लायलला झटका आला.

वीस मिनिटांत अर्धं बेट माझ्याभोवती गोळा झालं, झाडून सगळी समिती त्यात. नर्स रोझलिननं मला उठूच दिलं नाही. स्ट्रेचरवर झोपवून तीन पट्टे आवळले.

"लायल, हलू नका. हात वर का केला होतात?"

"क्लॅरीनं बोट उचललं म्हणून."

"रांगताना?"

"मग काय, त्याच्याशी भांडण काढू?"

ह्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. हे त्यांना पटलं.

"आणि गाऊन?" क्लॅरीनं विचारलं.

मी काही बोलायच्या आत गाऊनच्या गळ्यातून सेक्रेटरीनं डोकं बाहेर काढलं.

"अध्यक्षमहाराज," क्लॅरी अगदी हळू आवाजात म्हणाला, "हे काय?"

"नमुना आहे," मी म्हणालो. "समितीच्या अभ्यासासाठी."

नमुन्यानं माझ्या हनुवटीला चोच घासली आणि तिथंच झोपायची तयारी केली.

पुढे काय विचारलं असतं देव जाणे, पण सेक्रेटरी घाबरून चिवचिवला आणि ते त्या जोडीनं ऐकलं. नर पंख पसरून, मान जमिनीला लावून थेट आमच्यावर आला. एकतीस वर्षं हंस हाकणारी ती समिती एका हंसाला पाहून जी पळाली, ती थेट फाटकाच्या पलीकडे. स्ट्रेचर उचलायचं कुणालाही सुचलं नाही. मी गवतात पट्ट्यांनी बांधलेला, वर नर फिस्कारतोय, आणि सेक्रेटरी माझ्या छातीवरून घसरून खाली पडला.

मागून मादी आली आणि तिनं हुंकार दिला. माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. सेक्रेटरी थांबला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी एकदा "हूं" म्हटलं असतं तर तो परत आला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तोंड मोकळं होतं, बांधलेलं नव्हतं. मी ओठ घट्ट मिटले आणि आभाळाकडे बघत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं ते आडवं पडल्यामुळे असावं.

मान वळवली तेव्हा मादीच्या मागे पाच पिल्लं चालली होती.

पुढच्या आठवड्यात सरकारची परवानगी आली. समितीची बैठक भरली.

"सुरुवात लायलच्या खालच्या रानापासून करू," क्लॅरी म्हणाला. "तिथं फार झालेत."

"खालचं रान राहू दे," मी म्हणालो.

"का?"

"ओल आहे तिथं."

"लायल, सगळ्या बेटावर ओल आहे."

"मग सगळं बेटच राहू दे," मी म्हणालो आणि परवानगीचा कागद घडी करून खिशात घातला. अध्यक्ष मीच असल्यामुळे बैठक संपली.

संध्याकाळी सहज पाय मोकळे करायला म्हणून खालच्या रानात गेलो. पाचही पिल्लं चरत होती. पाचही पट्ट्यांची, पाचही गुबगुबीत. त्यातलं माझं कुठलं, ते मला ओळखता येईना. मी हळूच "हूं, हूं" केलं. एकानंही मान वर केली नाही.

घरी आलो तर ग्लेनिस ओट्याशी होती.

"भेटलं का?" तिनं न वळता विचारलं.

"भेटलं की. माझा आवाज ऐकल्याबरोबर धावत आलं."

धावत आला होता हे खरं आहे. पण तो नर होता. ग्लेनिस वळली, माझ्या पँटची मागची बाजू बघितली आणि सुईदोरा शोधायला गेली.