तळहाताएवढी कोरी जागा

गॅरेजात पाऊल टाकलं आणि वेंडेल क्रूपाच्या नाकाला ताज्या रंगाचा वास आला. तो दारातच थबकला. त्या गॅरेजात ताजं असं काहीही असता कामा नये, असा त्याचा नियम होता. आतल्या गाडीला त्याने इतकी वर्षं फक्त कोरड्या फडक्याने हात लावला होता, तोही श्वास रोखून.

त्याने बॉनेट उचललं. इंजिन जागच्या जागी होतं. सात लिटरचं, आठ सिलिंडरांचं, नारिंगी रंगाचं. शर्यतीत उतरायचं तर तेच इंजिन दुकानातल्या गाडीतही विकलं पाहिजे, असा त्या काळी दंडक होता. म्हणून एका वसंतात कंपनीने ही मोजकी इंजिनं बनवली. पुढे पेट्रोल महागलं, विमेवाल्यांनी धसका घेतला आणि ते धूड बनायचं थांबलं. मिशिगनमधली काही माणसं अजूनही त्याचा विषय निघाला की आवाज खाली आणतात.

वेंडेलचा सगळा अभिमान मात्र इंजिनाच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात होता. तिथे तळहाताएवढ्या जागेला कारखान्यात रंगच लागला नव्हता. नुसतं बीड, काळपट गंजलेलं. या जातीच्या प्रत्येक इंजिनावर ती जागा तशीच कोरी सापडते. तिथून उष्णता लवकर निघावी म्हणून इंजिनिअरांनी ती मुद्दाम सोडली, असा गाडीप्रेमींच्या क्लबचा सिद्धांत होता. तसाच कार्बोरेटरच्या कडेचा एक स्क्रू. तो सगळीकडे अर्धा फेरा सैल असतो. कंपनाला वाव मिळावा म्हणून. वेंडेल अधूनमधून बोट लावून तो सैलच आहे ना, याची खात्री करून घेत असे.

त्याने इंजिनामागे आरसा धरला. कोरी जागा गायब होती. तिथे रंग होता. गुळगुळीत, तुकतुकीत आणि कडेला कमालीचा सरळ.

"लोर्ना!"

बायको हात पुसत आली. "काय झालं? मेली का गाडी?"

"इथे कोण आलं होतं?"

"डॅड. शिडी परत करायला. बराच वेळ होते आत. मला वाटलं, चला, एकदाचा त्यांनी तुझ्या गाडीत रस घेतला."

उद्या मैदानावर क्लबचं प्रदर्शन होतं आणि 'जसंच्या तसं' या गटात त्याची गाडी लागायची होती. कारखान्यातून निघाल्यापासून ज्या गाडीला कुणी सुधारलेलं नाही, तिलाच त्या गटात प्रवेश. नव्या रंगाचा एक ठिपका आढळला की गाडी कायमची बाहेर.

त्याने सासऱ्यांना फोन लावला. कॅझिमिर ऊर्फ कॅझ वोय्तोविच यांचं आयुष्य त्याच कारखान्यात गेलं होतं, आणि ही इंजिनं बनत होती तेव्हा ते रंगाच्या फवाऱ्यावर होते. तरी लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी जावयाच्या गाडीचं बॉनेट एकदाही उचललं नव्हतं. वेंडेल गावाच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत कामाला, म्हणून ते त्याला 'पाणीवाले साहेब' म्हणत, आणि गाडीला 'तुझा पेशंट'.

"दिसलं का?" कॅझने फोन उचलताच विचारलं. आवाजात लहान मुलासारखी घाई होती.

"दिसलं, पॉप."

"कडा बघितलीस? पट्टी लावून केलंय. तुझ्याकडे तो आरसा पडलेला दिसला, म्हटलं बघू या तरी. आणि बघतो तर काय, कोपरा तसाच! लोक उद्या वाकून वाकून बघणार आणि म्हणणार, कोणत्या आळशाने रंगवलंय हे? फोरमन रोज बोंबलायचा रे माझ्या नावाने, 'वोय्तोविच, मागचा कोपरा!' म्हणून तर तुझ्या पेशंटजवळ फिरकत नव्हतो मी. आता निदान एक तरी पुरं झालं."

वेंडेलच्या ओठावर आलेलं सगळं तिथेच विरलं. "छान झालंय," तो म्हणाला.

"मग उद्या मी आणि बर्नाडीन येतोच तुझ्याबरोबर."

फोन ठेवून वेंडेलने शास्त्राचा आधार घेतला. रंग ताजा होता, थिनरने निघाला असता. पण खालचा जुना गंजही त्याच्याबरोबर उतरला असता आणि लोखंड उघडं पडलं असतं चकचकीत. गंज म्हणजे तरी काय, लोखंड, पाणी आणि हवा. मीठ आणि व्हिनेगर लावलं की काम लवकर होतं. इंजिनावर करण्याआधी प्रयोग हवा, म्हणून त्याने स्वयंपाकघरातला बिडाचा जाड तवा उचलला, त्याची पाठ घासून लख्ख केली आणि मिश्रण फासून उन्हात ठेवला.

गंज आला, अगदी झकास आला. फक्त त्याचा रंग ताज्या गंजाचा होता, म्हणजे नारिंगी. सासऱ्यांच्या रंगाशेजारी धरला असता तर भावंडं वाटली असती.

"हा माझ्या आजीचा तवा आहे," मागून लोर्नाचा आवाज आला.

"मला वाटलं, साधा तवा आहे."

"तुझ्या गाडीला मी कधी साधी गाडी म्हटलंय?"

उरलेली दुपार तो तवा घासत बसला.

दुसऱ्या दिवशी मैदानावर रांगेने बॉनेटं उघडी होती. सॉसेज भाजल्याचा धूर गवतावरून सरकत होता. वेंडेलची सासू बर्नाडीन घडीच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला पिएरोगींचा, म्हणजे पोलिश करंज्यांचा डबा. कॅझ नवा शर्ट घालून गाडीच्या अगदी जवळ उभे होते, जणू बारसं त्यांच्याच घरचं होतं.

परीक्षक डॉक्टर थर्लो आले. आयुष्यभर लोकांचे दात तपासले आणि निवृत्तीनंतर तोच छोटा आरसा घेऊन ते इंजिनं तपासू लागले. त्यांनी सैल स्क्रूला बोट लावलं, समाधानाने मान हलवली आणि आरसा मागच्या कोपऱ्यात घातला. दाताला कीड दिसावी तसा त्यांचा चेहरा झाला.

"क्रूपा, हे कुणी केलं?"

वेंडेलने सासऱ्यांकडे बघितलं नाही. "मी केलं."

"हा?" कॅझ उसळले. "अहो, याने घराबाहेरची पत्रपेटी रंगवली तर पोस्टमनचा कोट रंगला! मी केलंय ते. आणि सुरुवातीलाही मीच केलं होतं. कारखान्यात. तेव्हा तेवढं राहून गेलं होतं."

आजूबाजूचे दोन-चार जण जवळ सरकले.

"राहून गेलं नव्हतं, साहेब," थर्लो आदराने म्हणाले. "ती जागा मुद्दाम सोडलेली होती."

"कुणी सोडली?"

"इंजिनिअरांनी. उष्णतेसाठी."

"मला तर तिथे कुणी इंजिनिअर भेटला नाही. हात पुरायचा नाही माझा, एवढंच."

थर्लोंनी त्यांच्या हाताकडे बघितलं. हात चांगला लांब होता. "हे बघा, चूक कधी एकसारखी होत नाही. आज इथे, उद्या तिथे. आम्ही जितकी इंजिनं पाहिली त्या सगळ्यांवर तोच कोपरा, तेवढीच जागा. याला चूक कसं म्हणणार? तुम्हाला कुणीतरी तसं शिकवलं असणार. तुम्ही विसरला असाल."

कॅझ इंजिनाकडे बघत राहिले. वेंडेलच्या मनात आलं, आता हे भडकणार. पण कॅझच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली.

"फोरमन तर ओरडायचा," ते स्वतःशीच म्हणाले.

"फोरमनला उष्णतेतलं काय कळतंय?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"ते मात्र खरं!" कॅझ एकदम म्हणाले. "त्याला डोंबल कळत होतं. म्हणजे मी बरोबर होतो?"

"पूर्णपणे. कालपर्यंत," थर्लो म्हणाले आणि त्यांनी गाडीच्या काचेवरचा गटाचा कागद काढून घेतला.

कॅझ जावयाकडे वळले. "आणि तू हे मला फोनवर सांगू नयेस? छान झालंय म्हणे! बरोबर असलेलं काम बिघडवू दिलंस माझ्याकडून!"

"चुकलं, पॉप."

"पाणीवाले साहेब!" असं म्हणून ते मान हलवत जमलेल्या लोकांत गेले आणि थोड्याच वेळात, फवारा त्या कोपऱ्यापाशी आला की मनगट कसं बरोबर वळवायचं, हे हातवारे करून सांगू लागले. लोक ऐकत होते. एकाने फोनवर चित्रण सुरू केलं.

वेंडेल सासूबाईंच्या शेजारी गवतावर बसला. बर्नाडीनने डबा उघडून पुढे केला.

"खा. वाईट वाटलं ना?"

"वाटलं थोडं. पण त्यांना असं मी कधी बघितलं नव्हतं."

"उष्णता!" ती हसली. "तेव्हा मी समोरच्या रांगेत होते. नवीनच लागले होते. रंग झाला की इंजिन वळसा घालून आमच्याकडे यायचं. कॅझ फवारा मारत मारत त्या कोपऱ्यापाशी आला की मान वर करायचा. दर इंजिनाला. म्हणून म्हणते, ती चूक एकसारखीच होणार."

वेंडेलचा घास हातातच राहिला. "त्यांना ठाऊक आहे हे?"

"विचारलं तर म्हणतो, हात पुरायचा नाही. राहू दे. आज खुशीत आहे, सांगू नकोस." मग ती म्हणाली, "मी तरी कुठे धड होते? त्याने वर बघितलं की माझाही स्क्रूड्रायव्हर थांबायचा. पुढच्या वसंतात लग्न झालं, तेव्हा कुठे दोघं जागेवर आलो."

"तुमच्याकडे काय काम होतं?"

"कार्बोरेटरच्या कडेचे स्क्रू."

संध्याकाळी वेंडेलने गाडी गॅरेजात लावली आणि बॉनेट उचललं. आता ती कुठल्याच गटात बसत नव्हती, त्यामुळे काहीही करायला मोकळीक होती. तो सैल स्क्रू आवळायलाही हरकत नव्हती. त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्क्रूवर बसवला.

"अजून काय करतोयस तिथे?" लोर्नाने दारातून विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. स्क्रूड्रायव्हर न फिरवताच त्याने जागेवर ठेवला, आणि तिच्याकडे बघत बॉनेट लावताना त्याचं बोट त्याखाली सापडलं.