चौदा कड्या आणि एक किल्ली

"सुरक्षितता कशाला म्हणतात ते उद्या त्या बाईला मी दाखवतेच!"

फोन ठेवता ठेवता लिनेट ऑग्डेनने अशी घोषणा केली खरी, पण ती ऐकायला घरात होतं कोण? चार वर्षांची क्लेमी आणि अडीच वर्षांचा आयव्हो. क्लेमी म्हणाली, "बरं." आयव्हो काहीच म्हणाला नाही. तो कधीच काही म्हणत नसे.

फोन तपासणी खात्याचा होता. बिस्किटांच्या कारखान्यात वीस वर्षं डबे भरून गुडघे कामातून गेल्यावर लिनेटने ॲक्रिंग्टनमधल्या आपल्या छोट्याशा घरात मुलं सांभाळायला घेतली होती. त्याला सात महिने झाले होते. आता पहिली तपासणी, तीही उद्या सकाळी साडेनऊला! नापास झाली तर नोंदणी जायची आणि मुलंही जायची. त्यातून आयव्होचा घोर वेगळाच. पोरगं घरी आईशी चार-दोन शब्द बोलायचं, पण लिनेटच्या घरात सात महिन्यांत त्याने तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं. "याची प्रगती काय?" असं कुणी विचारलं तर काय सांगायचं? जेवतो छान, म्हणून?

लिनेटने नणंदेला फोन लावला. नणंद म्हणजे मॅक्सिन. तीही मुलं सांभाळायची, दोन गल्ल्या सोडून. तिला 'उत्कृष्ट' शेरा मिळाला होता आणि तो तिने चौकटीत घालून खिडकीत असा लावला होता, की बसमधून जाणाऱ्यालाही वाचता यावा.

"वहिनी, एकच लक्षात ठेव," मॅक्सिन म्हणाली, "त्या लोकांचं सगळं लक्ष असतं सुरक्षिततेवर. मी तीन कपाटांना कड्या लावल्या होत्या."

तीन? लिनेटने चौदा आणल्या!

नवरा डेसमंड पोस्टमन. दोन वाजता टपाल वाटून घरी आला, पाय सोडून जरा बसणार, तोच लिनेटने त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर ठेवला. संध्याकाळपर्यंत त्याने स्वयंपाकघरातली झाडून सगळी कपाटं आणि खण बंद केले. कड्या आतून बसवायच्या, बाहेरून काही दिसायचं नाही. चुंबकाची एक किल्ली होती, ती फळीवर बरोब्बर जागी टेकवली की टक् आवाज व्हायचा आणि कपाट उघडायचं. शिवाय दारांच्या गोल मुठींवर प्लॅस्टिकच्या टोप्या होत्या. मोठ्या माणसाने दोन्ही बाजूंनी दाबून फिरवली तरच मूठ फिरणार, पोरांच्या हाती नुसती टोपी गरगरणार. त्या टोप्या त्याने बाथरूमच्या दाराला आतून-बाहेरून बसवल्या. टोप्या जरा मोठ्या आल्या होत्या, पण डेसमंड म्हणाला, "चालतंय गं." आयव्हो मांडी घालून शेजारी बसला होता आणि ऑपरेशन बघणाऱ्या शिकाऊ डॉक्टरसारखा टक लावून बघत होता.

"आता या घरात राजवाडा फोडणारा चोर आला तरी चमचासुद्धा नेणार नाही!" लिनेट कमरेवर हात ठेवून म्हणाली.

सकाळी साडेनऊच्या ठोक्याला तपासनीस पिकर्सगिल बाई दारात उभ्या. उंच, सडसडीत, ओल्या छत्रीसारख्या. लिनेटने आधी त्यांचं ओळखपत्र मागितलं, उलटसुलट करून पाहिलं, फोटो आणि चेहरा तीनदा ताडून पाहिला. बाई खूश दिसल्या. सुरुवात तर झकास झाली!

"बाहेर गारठा आहे. चहा घेणार ना?"

"घेईन की."

लिनेट स्वयंपाकघरात गेली. चहा कपाटात. कप कपाटात. साखर कपाटात. आणि किल्ली? किल्ली खिडकीत नव्हती. फ्रिजवर नव्हती. तिने डेसमंडला फोन लावला.

"डेस, किल्ली कुठेय?"

"थांब हं... अरेच्चा! माझ्या खिशात आली की गं!"

"तू कुठे आहेस?"

"टेकडीवर. अजून दीडशे घरं राहिलीत."

"ताबडतोब घरी ये!"

"आणि टपाल काय मेंढ्यांनी वाटायचं?"

लिनेट हसऱ्या चेहऱ्याने रिकाम्या हातांनी बाहेर आली. "चहा... मुरतोय."

"काही घाई नाही," बाई म्हणाल्या. "तोवर मुलांचं हजेरीपुस्तक दाखवा."

हजेरीपुस्तक कपाटात.

"बरं, प्रथमोपचाराची पेटी?"

पेटी शेजारच्या कपाटात. लिनेट म्हणाली, "इतकी सुरक्षित ठेवलीय ना, की काही विचारू नका!" बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. मग त्या क्लेमीकडे वळल्या.

"काय गं बाळ, तुला इथे काय काय करायला आवडतं?"

क्लेमीला कालपासून पढवून ठेवलं होतं. काही विचारलं की सांगायचं, आम्ही जेवायच्या आधी हात धुतो.

"आम्ही जेवायच्या आधी हात धुतो."

"वा! आणि खेळता काय?"

"जेवायच्या आधी हात धुतो. आणि आज कुठे डाग पाडायचा नाही, कारण तू येणार होतीस. काल आंटी लिन उशीत तोंड घालून ओरडत होती. मग म्हणाली, हा श्वासाचा व्यायाम आहे."

"बाथरूम कुठे आहे हो?" बाईंनी विचारलं. हसू दाबायला विचारलं की खरंच लागली होती, देव जाणे.

बाई आत गेल्या आणि दार ओढून घेतलं. खट्! लिनेटने सुटकेचा निःश्वास सोडला आणि एका कपाटाचं दार नखांनी उचकटायला घेतलं. चार मिनिटांनी आतून घर्र घर्र असा आवाज येऊ लागला.

"मिसेस ऑग्डेन, ही मूठ नुसतीच फिरतेय."

"दोन्ही बाजूंनी दाबा आणि फिरवा!"

घर्र.

"जोरात दाबा!"

घर्र, घर्र. लिनेटने बाहेरून दाबून पाहिलं. बाहेरची टोपीही गरगर फिरली. दोघी दाराच्या दोन बाजूंना उभ्या राहून दळण दळत होत्या आणि पीठ काही पडत नव्हतं!

लिनेटने मॅक्सिनला फोन लावला. "मॅक्सिन, त्या टोप्या काढतात कशा?"

"का गं? कोण अडकलंय?"

"तपासनीस बाई."

फोनमधून जे हसणं आलं ते दोन गल्ल्या ओलांडून थेटही ऐकू आलं असतं. लिनेटने फोन बंद केला. डोळ्यांत पाणी आलं. सात महिन्यांचा संसार एका संडासाच्या दाराशी बुडाला!

"मिसेस ऑग्डेन," आतून शांत आवाज आला, "वेळ कशाला दवडायचा? प्रश्न इथूनच विचारते. समजा, घराला आग लागली. तुम्ही काय कराल?"

"दोन्ही मुलांना धरून पुढच्या दाराने बाहेर नेईन. कोपऱ्यावरच्या दिव्याखाली उभी करीन, मोजीन आणि बंब बोलावीन."

"छान. आणि घरात पाहुणं माणूस असेल तर?"

"बाई, तुम्हाला कसं बाहेर काढायचं तेच तर मला कळत नाहीये हो!" आणि लिनेट दारालाच डोकं टेकून हुंदके देऊ लागली.

तेवढ्यात कुणीतरी तिच्या गुडघ्याला ढोसलं. आयव्हो होता. त्याने तिला हाताने बाजूला सारलं आणि टाचा उंच केल्या. टोपीच्या दोन अर्ध्या भागांच्या जोडाशी बारीक फट होती, तिच्यात आपलं चिमुकलं बोट घातलं आणि ओढलं. फट्! टोपी दोन तुकडे होऊन खाली पडली. लिनेटने मूठ फिरवली, दार उघडलं. पिकर्सगिल बाई छातीशी वही धरून उभ्या होत्या.

आयव्होने त्यांच्याकडे पाहिलं, तुकड्यांकडे पाहिलं, कमरेवर हात ठेवला आणि दमलेल्या सुताराच्या सुरात स्पष्ट, खणखणीत म्हणाला,

"च्यायला!"

लिनेटने त्याला उचललं आणि गरागरा फिरवलं. "बोलला! माझं सोनं बोललं! सात महिन्यांनी बोलला हो!" ती रडत होती, हसत होती, त्याचे मुके घेत होती. तपासणी, शेरा, नोंदणी सगळं ती साफ विसरली.

"हा शब्द तो कुठे शिकला?" बाईंनी विचारलं.

"अंकल डेसकडून," क्लेमी तत्परतेने म्हणाली. "काल प्रत्येक कडीला एकदा म्हणाले. मी मोजलं. चौदा."

"म्हणजे तुला चौदापर्यंत मोजता येतं," म्हणत बाईंनी तेही टिपून घेतलं.

आयव्हो तेवढ्यावर थांबला नाही. आता त्याला बिस्किट हवं होतं. त्याने खेळातल्या आगगाडीचं इंजिन उचललं. डब्याला जोडायला इंजिनाच्या तोंडाशी चुंबक होतं, ते त्याने कपाटाच्या फळीवर टेकवलं. टक्! दुसऱ्यावर. टक्! चहा निघाला, कप निघाले, हजेरीपुस्तक निघालं, प्रथमोपचाराची पेटी निघाली.

दोन कप चहा आणि पाच बिस्किटांनंतर पिकर्सगिल बाईंनी वही मिटली.

"मिसेस ऑग्डेन, मुलांचा तुमच्यावर जीव आहे आणि तुमचा त्यांच्यावर. ते मी पाहिलं. 'चांगलं' असा शेरा देते आहे. 'उत्कृष्ट' देता येत नाही."

"का हो?"

"प्रथमोपचाराची पेटी बाहेर काढायला तुम्हाला अडीच वर्षांचा मुलगा लागतो."

साडेपाचला आयव्होची आई, बेथन, त्याला न्यायला आली. बिचारी दवाखान्यात परिचारिका, दिवसभर उभी. लिनेटने तिला दारातच मिठी मारली.

"बेथन, तो बोलला!"

"खरंच? काय म्हणाला?" बेथनचे डोळे लगेच भरून आले.

लिनेट मिठी सोडवत म्हणाली, "च्या... 'च्या' म्हणाला. चहा मागत असावा."

आयव्हो उंबऱ्यावर बसून बूट घालत होता. पट्टा काही बसेना. त्याने बुटाकडे रागाने पाहिलं आणि अख्खा शब्द उच्चारला. मोठ्याने.

बेथनचा चेहरा लालबुंद झाला. "अगं बाई! हा माझ्याकडूनच शिकला गं! गाडी चालू झाली नाही की मी... आंटी लिन, मला इतकी लाज वाटतेय! तुमच्या घरात असलं काही तो बोलला!"

खरं सांगायची हीच वेळ होती. लिनेटने तोंडही उघडलं. पण बेथन इतकी ओशाळली होती, की...

"जाऊ दे गं," लिनेट तिच्या खांद्यावर हात ठेवून मायेने म्हणाली, "होतं असं. पण मुलं सगळं ऐकत असतात, बरं का. घरात जरा जपून बोलत जा."

हे ऐकून क्लेमीने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. लिनेटने चपळाईने त्यात बिस्किट कोंबलं.