खिडकी उघडू नको!

रविवारी दुपारी पावणेचार वाजता निमोणे येथील विहाराच्या सभागृहात सलग अठरा तास वाचनाचा कार्यक्रम शांततेत चालू असताना विनोद ओव्हाळ बसल्या जागी ओरडले, "अगं, खिडकी उघडू नको!"

मूळ घटना एवढीच. वनखातं, पिंजरा, शाल आणि नारळ हे सगळं या एका वाक्याच्या मागून आलं.

बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करत. म्हणून जयंतीच्या आठवड्यात एक दिवस पहाटे वंदना करून वस्तीनं पुस्तकं घेऊन बसायचं आणि रात्रीपर्यंत वाचायचं, हा इथला शिरस्ता. या वर्षी अध्यक्ष विनोदराव. ते कंपनीत क्वालिटीला. त्यांनी रिजेक्ट म्हटलेला पार्ट मालकाचा जावई मध्ये पडला तरी पुढं सरकत नसे. अध्यक्ष झाल्या झाल्या त्यांनी नियमही तसेच घातले. मोबाईल दाराबाहेरच्या टोपलीत. कथा-कादंबऱ्या बंद. शेवटी प्रत्येकानं उभं राहून आपण काय वाचलं ते दोन मिनिटं सांगायचं.

"कादंबऱ्या का बंद?" त्यांच्या लेकीनं, दीक्षानं, भर बैठकीत विचारलं होतं.

"त्यानं डोक्यात काय पडतं? भुतं आन् प्रेमं!"

दीक्षाची सीईटी तोंडावर आली होती. तिची कादंबऱ्यांची आख्खी रांग विनोदरावांनी जप्त करून कपाटात कुलूपबंद केली होती. मुखपृष्ठावर चंद्र, घड्याळ आणि दातांतून ओघळणारं रक्त. काळाच्या मागं-पुढं उड्या मारणाऱ्या पोरी आणि रक्त पिणारी देखणी पोरं!

"पप्पा, तुम्ही तरी पुस्तक हातातून न सोडता बसाल का दिवसभर?"

"मी? अगं, मी पुस्तक सोडून खुर्चीतनं उठलो ना, तर तुझी सगळी पुस्तकं तुला परत! सीईटीच्या आधी!"

सगळ्या वस्तीसमोर बोलले. सचिव धम्मदीपनं ते लगेच ग्रुपवर टाकलं. अंगठ्यांचा पाऊस पडला.

आता कपाटातली गोष्ट. जप्त केलेला माल तपासल्याशिवाय ठेवायचा नाही, ही कंपनीतली सवय. म्हणून विनोदरावांनी वरच्या पुस्तकाची सॅम्पल म्हणून पाच पानं वाचली. पाचाची पंचवीस झाली. मग त्यांनी शंभर टक्के इन्स्पेक्शन करायचं ठरवलं!

गोष्ट अशी होती. नोरा नावाची पोरगी मनगटी घड्याळ फिरवून भविष्यातून जुन्या काळात येते. तिथं लूकस तिच्या प्रेमात पडतो. लूकस व्हँपायर. वय तीनशे वर्षं, इयत्ता अकरावी. "तीनशे वर्षांत बारावी न्हाई निघाली?" असं विनोदराव मनात म्हणाले खरे, पण पान उलटून. या व्हँपायरला आतून कुणी बोलावल्याशिवाय घरात पाय टाकता येत नाही. घरात नोराची पणजी झोपलेली. नोरानं खिडकी उघडून त्याला आत घेतलं, तर तो पणजीला चावणार. पणजी चावली गेली, तर नोरा जन्मणारच नाही. आणि नोरा जन्मलीच नाही, तर खिडकी उघडली कुणी? या प्रश्नावर विनोदरावांनी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत बाणांची आकृती काढली होती. बाण फिरून पहिल्याच चौकोनात आला. डबा तसाच घरी परत.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला तरी खिडकी उघडायची की नाही, हे नोराचं ठरलं नव्हतं. अशा अवस्थेत माणसानं दिवसभर दुसरं काय वाचावं? विनोदरावांनी ‘ग्रामीण पतपुरवठा: एक चिकित्सक अभ्यास’ या जाडजूड ग्रंथाचं वेष्टन काढलं, दोन्ही बाजूंनी दुमडलं आणि नोरा-लूकसला घातलं. शेवटच्या दोन मिनिटांसाठी पतपुरवठ्याची प्रस्तावना पाठ केली. काम चोख!

दुपारपर्यंत सगळं सुरळीत होतं. साडेतीनला पोपटराव आप्पा आले. माजी सरपंच. विहाराच्या मागं त्यांचाच ऊस. दहा मिनिटं बसून शुभेच्छा द्यायच्या आणि निघायचं, असा त्यांचा बेत होता. त्यांना पुढची खुर्ची आणि हातात एक पेपर देण्यात आला. उकाडा मी म्हणत होता. विनोदरावांच्या आत्या जाईबाई अक्षरावर बोट ठेवून धम्मपद वाचत होत्या. घाम पुसत त्या उठल्या आणि उसाकडच्या खिडकीपाशी गेल्या.

त्याच क्षणी, पान दोनशे एकोणीसवर, नोरानं कडीला हात घातला.

"अगं, खिडकी उघडू नको!"

जाईबाईंचा हात कडीवरच थिजला. सगळ्या माना वळल्या. विनोदरावांनी पुस्तकातून डोकं वर काढलं तेव्हा त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा होता आणि कपाळावर घाम होता. पान उलटायचं राहिलं म्हणून. पण ते कुणाला माहीत?

पोपटराव हळू आवाजात म्हणाले, "दिसला का?"

कोण, ते विचारायची या भागात कुणाला गरज पडत नाही. मागं ऊस आहे. माणूस ओरडतो. खिडकी उघडू नको म्हणतो. बिबट्याच!

"विनोदराव, दिसला का?"

विनोदरावांपुढं दोन वाटा होत्या. एक, ‘नाही आप्पा, मी व्हँपायर वाचत होतो’ असं वस्तीसमोर, लेकीसमोर आणि प्रमुख पाहुण्यांसमोर म्हणायचं. दुसरी, घसा खाकरायचा.

त्यांनी घसा खाकरला.

"दिसला!" धम्मदीप उडालाच. "दारं लावा! कुणी भाईर जायाचं न्हाई!"

"नीट दिसलं नाही..." विनोदराव म्हणाले. हे अगदी खरं होतं.

"नीट दिसायला तो काय फोटू काढाया हुबा ऱ्हातोय व्हय?" जाईबाई खाली बसत म्हणाल्या. "इन्या, तू व्हतास म्हणून वाचले रं! न्हाईतर मी त्याला आत ये म्हणल्यावानी खिडकी उघडीत व्हते!"

आत ये म्हटल्यावानी! विनोदरावांच्या अंगावर काटा आला. पुढं काय झालं असेल? त्यांनी चोरून पानावर नजर टाकली, पण सगळ्यांचे डोळे त्यांच्यावरच होते. पान उलटता येईना.

"बघा, ह्याला म्हंत्यात धीर!" पोपटराव म्हणाले. "भाईर बिबट्या, आन् गडी पतपुरवठा वाचतोय!"

टोपली आत ओढण्यात आली. मोबाईलचा नियम जागच्या जागी मोडला. धम्मदीपनं ग्रुपवर टाकलं, ‘विहाराच्या खिडकीत बिबट्या. अध्यक्षांच्या सतर्कतेने अनर्थ टळला.’ ती बातमी तालुका ओलांडून राहू गावापर्यंत गेली आणि परत आली तेव्हा बिबट्याची मादी झाली होती, तिला तीन पिल्लं झाली होती आणि सोबत फोटोही होता. फोटोत मागं बर्फ पडत होता, एवढं कुणी पाहिलं नाही. राहूहून विनोदरावांच्या बहिणीचा, सीमाचा, रडवेला फोन आला.

"दादा, कुठं लागलं रं तुला?"

"कुठंच नाही गं!"

"खोटं नको बोलू! हितं सांगत्यात का मांडी फाडली म्हणून!"

तेवढ्यात लाईट गेली. दारं बंद, खिडक्या बंद, पंखे बंद, आत साठ माणसं. भट्टीत विटा लावाव्यात तशी माणसं लावलेली. पोपटराव शर्टाची बटणं सोडत म्हणाले, "मी धा मिन्टांसाठी आल्तो वो!"

"आप्पा, आता वाचाच निवांत," जाईबाई म्हणाल्या. "धा वरसं आमी लोकान्ला जागंवर बसवाया धडपडतोय. आज पैल्यांदाच एक माणूस हलंना!"

पाचच्या सुमारास वनरक्षक बाळासो दोन मजूर आणि फटाक्यांच्या माळा घेऊन आले. शांत माणूस. आत येऊन पाणी प्यायले, पेन काढलं आणि विनोदरावांसमोर बसले.

"तुमीच पायलं न्हवं? सांगा. काय दिसलं?"

विनोदरावांना मोठा पेच पडला. आयुष्यात न मोजलेल्या मापावर त्यांनी सही केली नव्हती. खोटं तर बोलायचं नाही. शेवटी त्यांनी ठरवलं, जे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणजे वाचलंय, तेवढंच सांगायचं.

"खिडकीबाहेर उभा होता."

"हालचाल?"

"अजिबात नाही. नुसता बघत होता."

"रंग?"

"फिकट. लई फिकट."

"उपाशी आसंल," पोपटराव म्हणाले.

"डोळं?"

"चमकत होते. आत यायची परवानगी मागितल्यासारखे."

बाळासोंचं पेन थांबलं. "परवानगी?"

"म्हणजे... तसं वाटलं."

"दात दिसलं?"

"दोन सुळे. लांब."

"वय काय आसंल अंदाजे?"

"तीनशे..." विनोदरावांची जीभ चावली गेली. "तीन! तीनेक वर्षं!"

पुढच्या रांगेत गणिताच्या पुस्तकावर वाकलेलं दीक्षाचं डोकं हळूच वर आलं. तिनं बापाकडं पाहिलं, बापाच्या मांडीवरच्या ग्रंथाकडं पाहिलं, वेष्टन कसं फुगलंय ते पाहिलं.

"पप्पा," ती गोड आवाजात म्हणाली, "त्यानं काळा कोट घातला होता का हो?"

सगळे हसले. भीतीनं आवळलेली माणसं जरा सैल झाली. एकटे विनोदराव हसले नाहीत.

"पोरगी लई चेष्टेखोर हाय तुमची," बाळासो म्हणाले.

"आईवर गेलीय," विनोदराव म्हणाले.

दीक्षा पाणी द्यायच्या निमित्तानं जवळ आली आणि कानाशी पुटपुटली, "दोनशे एकोणीस ना? मी पण तिथंच ओरडले होते."

"दीक्षा, हळू..."

"मी कशाला बोलू? मला आपलं एवढंच बघायचंय, तुम्ही उठता का."

बाळासो मागच्या बाजूला जाऊन आले. गेले तेव्हा शिट्टी वाजवत गेले होते. आले तेव्हा शिट्टी बंद होती.

"पाण्याच्या चारीत, चिखलात ठसा हाय," ते म्हणाले. "अर्धाच उमटलाय. कुत्र्याचा बी आसंल. पर कुत्र्याचा वाटत न्हाई."

आता मात्र विनोदराव खरोखर घाबरले. इतका वेळ त्यांना बिबट्या नसल्याची खात्री होती. त्यांनी खिडकीकडं पाहिलं. काचेपलीकडं ऊस हलत होता. वारा नव्हता!

"चला, समद्यांनी पुढच्या दारानं," बाळासो म्हणाले. "सामान हितंच ऱ्हाऊ द्या. हात मोकळं ठेवा आन् जोरजोरात बोलत चला."

बाहेर फटाक्यांची माळ कडाडली. विनोदराव ताडकन उठले आणि धावले. पोपटरावांच्याही पुढं. जाईबाईंच्या तर कितीतरी पुढं! वडाच्या पारापाशी जाऊन दम घेतला तेव्हा शेजारी दीक्षा उभी होती.

"पप्पा, हात दाखवा."

दोन्ही हात रिकामे होते.

"पुस्तक सोडून उठलात. साठ साक्षीदार आहेत."

त्या संध्याकाळी कपाटाचं कुलूप उघडलं. दीक्षा तेव्हापासून ओट्यावर बसून गणिताचे दोन तास झाले की एक तास दुसरा भाग वाचते. उघड, बिनवेष्टनाचा. विनोदराव येता-जाता तिच्या तोंडाकडं बघतात. नोरा दुसऱ्या भागात आहे, म्हणजे ती जन्मली असणार. की लूकसनंच तिला दुसऱ्या काळात नेलं?

"एवढंच सांग, तिनं उघडली का?"

"सीईटी होईपर्यंत बंद," दीक्षा पान उलटत म्हणते.

वनखात्यानं खिडकीखाली पिंजरा लावला. त्यात ठेवायला जाईबाईंनी कोंबडी द्यावी, असं पोपटरावांनी सुचवलं. "बिबट्या तुमच्या उसात, आन् कोंबडी माझी व्हय आप्पा?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला. बोकड पोपटरावांचा लागला. सभागृह पुढील आदेशापर्यंत बंद आहे. पिंजऱ्यावर नजर ठेवायला दिवसभर बाळासो आत बसतात, खिडकीजवळच्या खुर्चीवर, म्हणजे विनोदरावांच्याच. सतर्क नागरिक म्हणून विनोदरावांना शाल-नारळ देण्याचं ठरलं आहे. सत्कार रविवारी, शाळेच्या पटांगणात, पोपटरावांच्या हस्ते. सगळं खरं सांगून टाकावं म्हणून विनोदरावांनी ग्रुपवर मजकूर लिहिला. पुसला. पुन्हा लिहिला. तेवढ्यात धम्मदीपनं त्या अर्ध्या ठशाचा फोटो टाकला आणि मजकूर पुन्हा पुसावा लागला. न जाणो, असेलही!

काल संध्याकाळी विनोदराव बाळासोंसाठी चहा घेऊन गेले. बाळासोंनी दार किलकिलं केलं. बोट पुस्तकात घातलेलं होतं.

"ओव्हाळसाहेब, तुमचा तो पतपुरवठा," बाळासो दबक्या आवाजात म्हणाले, "लई भारी हाय वो! जेवान सुदिक ग्वाड लागंना."

"ते... माझं पुस्तक जरा..."

"आत्ता न्हाई! वाचून झाल्याबिगर देत नसतो!"

"बरं, मग एकच सांगा," विनोदराव दाराच्या फटीत तोंड घालून म्हणाले. "तिनं खिडकी उघडली का?"

"सांगू नका वो फुडचं!" बाळासो कळवळले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

ठशाचा फोटो वर पाठवला आहे, उत्तर आलेलं नाही. बोकडाची तब्येत चांगली आहे. बिबट्या पुन्हा दिसलेला नाही. शेवटची खबर हाती आली तेव्हा बाळासो पान दोनशे अकरावर होते आणि खिडकी बंदच होती.