गोठ्यातला पंक्तिप्रपंच

चूर्ण कोणत्या कालवडीला द्यायचं, हे नीलकंठांनी नाणं उडवून ठरवलं, तेव्हा ठमाबाईंनी तोंडाला पदर लावला. मुक्या जनावरांचं नशीब नाण्यावर सोपवणारा माणूस शहाणा कसा, हा प्रश्न त्या पदराआड होता.

नीलकंठ पेणच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, राहायला रोह्यात. पेणच्या दूधसंस्थेकडे एक विक्रेता शतावरी, मेथी आणि जिवंतीचं चूर्ण घेऊन आला होता. ते खाऊन कालवडी झपाट्यानं वाढतात आणि वेळेवर माजावर येतात, असा त्याचा दावा. "सर, खरं का हो?" असं संस्थेनं विचारलं आणि नीलकंठांनी ते शोधून काढण्याची जबाबदारी उत्साहानं अंगावर घेतली.

धरमतरच्या खाडीलगत, ठमाबाईंचा नवरा हिरामण याच्या गोठ्यात चंद्री आणि तांबू या एका वयाच्या दोन कालवडी होत्या. दोघींचं वय उलटून चाललं होतं; माजाचं चिन्ह नव्हतं. "शिमग्यापर्यंत जी माजावर येनार नाय, ती बाजारात," असं हिरामणनं जाहीर केलं होतं. प्रयोगाला याहून चांगली जोडी मिळणं अवघड होतं. नाणं चंद्रीच्या बाजूनं पडलं.

पुढच्या खेपेला नीलकंठांनी फीत लावून दोघींच्या छातीचा घेर मोजला. दोघी सारख्याच भरल्या होत्या.

"ठमाबाई, चूर्ण फक्त चंद्रीलाच देता ना?"

"अर्धा तिला, अर्धा हिला."

"का?"

"एकीला वाढायचा नि दुसरीनं नुसता बघायचा? माज्या दारात पंक्तिप्रपंच नाय व्हनार, सर. नि जिला दिला नाय ती बाजारात गेली, तर पाप कुनाच्या माथ्यावर?"

हा आक्षेप नीतीचा होता. संख्याशास्त्रात त्याला उत्तर नव्हतं. नीलकंठांनी मग दोघींसाठी सारख्या दिसणाऱ्या पुड्या केल्या. एकीत चूर्ण, दुसरीत त्याच रंगाचा कोंडा. कोणती कशाची, हे फक्त त्यांना ठाऊक. ठमाबाईंनी दोन्हींचा वास घेतला. एकीला मेथीचा वास होता, दुसरीला कशाचाच नव्हता. अन्याय उघड होता. त्यांनी दोन्ही पुड्या एका घमेल्यात ओतल्या, हातानं कालवल्या आणि दोन सारखे वाटे केले.

"हिचा हात लय सारखा हाय, सर," हिरामणनं कौतुकानं सांगितलं. "आमच्यात मच्छीची तुकडी पन कुनाला मोठी जात नाय."

आता उपाय एकच उरला: अंतर. तांबू टेम्पोत चढून रोह्याला, नीलकंठांच्या अंगणात आली. टेम्पो सुटताना ठमाबाई डोळे पुसत होत्या. चंद्रीला तिकडे पूर्ण चूर्ण, तांबूला इकडे साधा चारा आणि पेंड. मध्ये अख्खा रस्ता. नीलकंठांना प्रथमच निर्धास्त वाटलं.

शिमगा जवळ आला तशी एका सकाळी तांबू हंबरू लागली. तिनं दावं ताणलं, कुंडी पाडली, आळी जागी केली. डॉक्टरांनी पाहून सांगितलं, "माजावर आहे." चंद्री तिकडे ढिम्म होती. नीलकंठांनी तत्काळ दूधसंस्थेला फोन लावला.

"चूर्णाचा कणही न खाता आली! ऐकताय ना? कणही नाही! सगळ्यांना सांगा."

फोन ठेवून ते वळले, तर त्यांची पत्नी श्यामला मोरीवर एक डबा घासत होती.

"हा कुणाचा?"

"तांबूचा. हिरामणचा प्रणित नाही का, इथं जवळच धाटावच्या कारखान्यात शिफ्टला येतो तो? रोज देऊन जातो. ठमाबाई अर्धं चूर्ण पाठवतात. मला वाटलं, तुम्हीच सांगितलंय."

नीलकंठ पायरीवर बसले.

"आणि कोरडं चूर्ण कसं घालायचं," श्यामला म्हणाली, "म्हणून भाकरी नि गूळ."

"गूळ!"

"अहो, पाहुणी आहे ती!"

त्यांनी दुरुस्तीसाठी संस्थेला पुन्हा फोन लावला. तो व्यस्त होता. बराच वेळ व्यस्तच होता.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी टेम्पो थांबला. आत चंद्री होती आणि तिच्यासोबत गावातल्या आणखी तीन कालवडी. हिरामण खाली उतरला.

"आता ही पन बाजारातनं वाचंल. सर, खुंटे कुटं ठोकू?"

"खुंटे कशाला?"

"संस्थेनं सांगितला ना, चूर्नाबिगर आली म्हनून. मंग ऱ्हायला काय? तुमचा अंगन!"

"थांबा. अंगणात काही नाही. तिनं चूर्ण खाल्लंय. भाकरी खाल्ली. गूळसुद्धा."

"मंग नक्की कशानं आली?"

"ते आता सांगता येणार नाही."

हिरामणनं टेम्पोकडे पाहिलं. टेम्पोतून चंद्रीनं मान बाहेर काढली.

"पन अंगनानं नाय आली, असा तरी छातीठोक सांगाल का, सर?"

प्रामाणिक माणसाला याचं एकच उत्तर देता येत होतं. ते न देता नीलकंठांनी फाटकाची कडी काढली.