सगळ्यांना तिसरी पायरी

शनिवारी हेबेरची नात लुसिला पंधरा वर्षांची होणार होती, तिकडं त्या वाढदिवसाला लग्नासारखा थाट असतो, आणि गुरुवारी सकाळी त्याला फोनवर दिसलं, की शनिवारी वसाहतीचा हॉल शेजारच्या नेल्सनच्या नावावर आहे. कारण : टीव्हीवर फुटबॉलचा अंतिम सामना बघणे.

"तिथं माझं नाव होतं!" हेबेर ओरडला.

"होतं," बायको सुल्मा म्हणाली. "खोड आणि परत लिही. सगळे हक्क आहेत ना तुला? तूच भांडून घेतलेस."

ते खरंच होतं. मोंतेविदेओतली ती सहकारी वसाहत रहिवाशांनी स्वतः सिमेंट कालवून उभी केलेली. हॉलची किल्ली पहिल्यापासून म्हाताऱ्या नीबियाबाईंच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असायची. यंदा दाराला विजेचं कुलूप बसलं. वसाहतीच्या वेबसाइटवर ज्याच्या नावावर तारीख, त्याच्याच फोननं ते उघडायचं. वेबसाइट बनवली हेबेरच्या जावयानं, फाब्रिसिओनं. त्यानं सभेत तीन पायऱ्या समजावल्या. पहिलीवर नुसतं बघायचं, दुसरीवर तारीख मागायची, तिसरीवर तारीख द्यायची आणि कोणाला कुठल्या पायरीवर बसवायचं तेही ठरवायचं.

हेबेर तेव्हा ताडकन उठला होता. "विटा सगळ्यांनी वाहिल्या. आता एक वर अन् एक खाली? सगळ्यांना तिसरी!"

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी विचारलं, "आणि हा जावई?"

"घर बांधून झाल्यावर गवंडी किल्ली खिशात ठेवतो काय?" हेबेर म्हणाला. पुन्हा टाळ्या. फाब्रिसिओचा हक्क तिथल्या तिथं काढला. हात वर केला नाही तो एकट्या नीबियाबाईंनी.

तर, हेबेरनं नेल्सनचं नाव खोडलं. नेल्सननं हेबेरचं. हेबेरनं नेल्सनला पहिल्या पायरीवर उतरवलं. नेल्सनच्या बायकोनं नवऱ्याला वर चढवलं आणि हेबेरला खाली ढकललं. सुल्मानं चुलीवरचं तसंच टाकून हेबेरला वर ओढलं. दुपारपर्यंत ज्यांना वाढदिवसाचं आमंत्रण नव्हतं आणि सामन्याशीही देणंघेणं नव्हतं, तेसुद्धा जुनी उणीदुणी काढून एकमेकांना उतरवू लागले. संध्याकाळी हेबेरनं एकच बटण दाबलं आणि सगळं शांत झालं.

"सासरेबुवा, काय दाबलंत?" फाब्रिसिओनं येऊन विचारलं.

"'सगळ्यांना उतरवा.'"

"मग तुम्ही सगळ्यांत येत नाही?"

जन्मभर भाषणांत हेबेर 'आपण सगळे' म्हणत आला होता.

"बरं, आता तू नीट कर."

"मी गवंडी. माझा खिसा रिकामा."

"म्हणजे दार उघडणारं कुणीच नाही?" सुल्मानं कपाळाला हात लावला. "पोरीनं पांढरा झगा शिवून घेतलाय रे!"

"एकजण आहे. नीबियाबाई. त्यांनी खातं कधी उघडलंच नाही, म्हणून ह्यांच्या 'सगळ्यां'तून त्या वाचल्या. त्यांची तिसरी पायरी तशीच पडून आहे."

ते पोचले तेव्हा नेल्सन केक घेऊन आधीच दारात उभा होता.

"या," नीबियाबाई माटेचा कडू चहा नळीनं ओढत म्हणाल्या. "किल्ली न्यायला आलात, तेव्हा खिळासुद्धा उपटून नेलात. आज काय न्यायचंय?"

फाब्रिसिओनं त्यांचं खातं उघडून दिलं. चष्मा लावून त्यांनी एका बोटानं दोनदा टिचकी मारली. "दुपारी सामना, रात्री वाढदिवस. भांडण कशाचं होतं?"

नेल्सननं केक टेबलावर ठेवला.

"आता आम्हाला वर घ्या की, बाई," हेबेर हळूच म्हणाला.

"सभेला विचारून घेईन."

"पण सभा हॉलमध्ये भरते!"

"मग आधी दार उघडायला माझ्याकडे या."

शनिवारी सामना संपला, हॉल सजला, लुसिला झगा सावरत मिरवू लागली. मागच्या अंगणात निखारे फुलले. वसाहतीतलं मांस आजवर हेबेरशिवाय कुणी भाजलेलं नव्हतं. त्यानं चिमटा उचलला.

"हेबेर," खुर्चीतून नीबियाबाईंचा आवाज आला, "तुझी पायरी कुठली?"

"पहिली."

"म्हणजे?"

"नुसतं बघायचं."

बाईंच्या खुणेसरशी चिमटा नेल्सनकडे गेला. हेबेर जरा वेळ बघत राहिला. मग त्याला राहवेना. "नेल्सन, डावीकडची बरगडी उलट. करपतेय."

"हे मागणं झालं," नेल्सन मागे न बघता म्हणाला. "ती दुसरी पायरी."

आजवरच्या सभांमध्ये कुणालाही न विचारता बोलत आलेला हेबेर नीबियाबाईंच्या खुर्चीपुढे जाऊन उभा राहिला, आणि त्यानं बोलण्याआधी हात वर केला.